सायलेन्सर नव्हे

प्रिय विशाखा,

आईचा जयभीम. ड्युटीवरून आली असशील तर आधी चहा पिऊन घे, मग हे वाच. वाचता वाचता प्यायलीस तर ठसका लागेल.

तू बजावलं होतंस, स्थळ कुठलंही आणा, मिल्ट्रीतलं नको. मी तसं सुपडूमामाला सांगितलंही होतं. तरी माझा हा भाऊ रविवारी पिंपळनेरची माणसं घेऊन असोद्याला हजर! मुलगा अभिमन, तोफखान्यात आहे, सुटीवर आलेला. सोबत त्याचे काका चुडामण. दारात आलेल्यांना परत कसं पाठवणार? मी पोहे टाकले आणि मनात ठरवलं, गोड बोलून वाटेला लावायचं.

बसल्या बसल्या सगळ्यांची नजर तुझ्या बाबांच्या फोटोवर गेली. तोच, हातात रायफल असलेला. सुपडूला गप्प बसवत नाही, तुला माहीत आहे. नळीच्या टोकाचा खाचा असलेला तुकडा दाखवून म्हणाला, "हे बघा, सायलेन्सर. आमच्या दाजींची गोळी सुटली तर शेजारच्यालाही कळायचं नाही." त्याला सायलेन्सर माहीत तो फटफटीचा, आणि तोही फुटका. हा आला की सगळ्या गल्लीला कळतं.

मुलगा चुळबुळ करत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "मामा, सायलेन्सर नाही. तो मझल ब्रेक. त्यानं धक्का कमी बसतो." काकांनी त्याला कोपर मारलं. आणि मी पोह्यांवर कोथिंबीर टाकत होते, माझ्या तोंडून निघून गेलं, "ब्रेक नाही बाबा. फ्लॅश हायडर."

तू पाळण्यात होतीस तेव्हा बाबांनी मला हे चुलीपुढं बसून शिकवलं. माझ्या हातातली फुंकणी घेतली आणि तिच्या टोकाशी बोटं धरून दाखवलं. गोळीबरोबर तोंडाशी जाळ निघतो, हा त्याला फोडून बारीक करतो. मी म्हटलं, म्हणजे शत्रूला तुम्ही दिसू नये म्हणून? तर म्हणाले, "तसा थोडा उपयोग होतो. पण खरं म्हणजे अंधारात आपलेच डोळे दिपू नयेत म्हणून." मग आवाजाचं काय, विचारलं. "सायलेन्सर? तो तुझ्यासाठी मागवलाय." मी फुंकणीच उगारली. पुढं तुझ्या पुस्तकांवरून वाचायला शिकले, लायब्ररीतून पुस्तकं आणू लागले, पण हे शब्द त्याआधीचे. ते मी कुणाला चुकीचे म्हणू देत नाही.

तर इकडं खोलीत सुपडू माझ्याकडं डोळे वटारून बघतोय. वाटलं, आता स्थळ आपोआपच गेलं, बरं झालं. अभिमन उठला, फोटोजवळ गेला, निरखून पाहिलं आणि एकदम मोठ्यानं हसला. "काकू बरोबर आहेत. आमच्या तोफेला ब्रेक असतो, जीभ तिकडंच वळली." चुडामणकाकांनी कपाळाला हात लावला, अहिराणीत म्हणाले, "या घरमा ते बाईच हवालदार शे!" मग मी हसले, सुपडू हसला, पोहे दोनदा वाढावे लागले. जाताना मुलानं विचारलं, तुमच्या मुलीलाही एवढं माहीत आहे का? म्हटलं, ती नर्स आहे, तिला सुईचं टोक माहीत आहे, जपून राहा.

विशाखा, मी होकार दिलेला नाही. तुझा धुळ्याचा पत्ताही दिलेला नाही. तू म्हणालीस तरच देईन. पण मिल्ट्रीवाला नको असं तू का म्हणतेस, ते मला कळतं. घाटात बाबांची गाडी दरीत गेल्याची तार आली, तेव्हा तू सातवीत होतीस. माझे ते दिवस तू पाहिलेस आणि मनाशी ठरवलंस, आईसारखं व्हायचं नाही. पोरी, तू माझं रडणं पाहिलंस, पण त्याआधीचं हसणं कळायला तू फार लहान होतीस. मला आज कुणी पुन्हा विचारलं, तर ती तार येणार हे माहीत असूनही मी त्याच माणसाला हो म्हणेन. एवढंच सांगायला हे पत्र. नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हण. पण ते अभिमनला पाहून म्हण, माझ्याकडं पाहून नको.

तुझीच, आणि अजूनही तुझ्या बाबांचीच,
आई