माझ्या हातची मरळ

५ ऑक्टोबर, दुपार
हेमलताला आज दवाखान्यातून घरी आणलं. नातू पाच दिवसांचा झाला. नाक थेट माझं. नर्सबाईला दाखवलं तर म्हणे, सगळ्यांची अशीच असतात. तिला काय कळतं. नातू झाल्यापासून मला भूकच लागत नाही. चार पोळ्यांवर उठते.

धुळ्याहून विहीणबाईंचा फोन आला. लताबाई म्हणाल्या, सिझर झालंय, तुम्ही एकट्या, त्यात गुडघे. बारसं झालं की मायलेकरांना आम्ही नेतो. मी म्हटलं, पहिलं बाळंतपण माहेरचं, सव्वा महिना इथंच राहील. त्या नुसत्या हसल्या. ते हसणं मला झोंबलं. म्हटलं, बारशाला या, लेकीच्या ताटात मरळ दिसेल, माझ्या हातानं धरलेली. टाके भरायला हा मासा चांगला, असं आमच्या शिंदखेड्याकडं मानतात.

बाजारात मिळते, माहीत आहे. पण बोलून गेले. बारसं बाराला. पुष्कळ दिवस आहेत.

६ ऑक्टोबर
शेजारचे बन्सीलाल भाऊ वायरमन होते. रिटायर झाल्यापासून नशिराबादकडच्या तळ्यावर गळ टाकतात. त्यांचा जुना रॉड मागून आणला. त्यांनी सगळं समजावलं. मरळ मोकळ्या पाण्यात नसते. जलपर्णीखाली, बेशरमीच्या झुडपात दडून बसते. म्हणून लांब फेकायचंच नाही. दहा-पंधरा फुटांवर ताटाएवढी मोकळी जागा बघायची आणि तिथं गळ लावलेला रबरी बेडूक सोडायचा. हात खालून, पाळण्याला झोका दिल्यासारखा. आवाज नको.

एवढंच? लग्न होईपर्यंत मी ज्वारीच्या माळ्यावर उभी राहून गोफणीनं पाखरं उडवली. धोंडा सांगेल तिथं जायचा.

नेम धरायला अंगणात घमेलं ठेवलं. बेडूक डोक्यावरून गरगर फिरवला आणि सोडला. समोरच्या सुलक्षणाच्या गच्चीवर गेला, तिची नवी साडी घेऊन परत आला. बन्सीलाल म्हणाले, "आक्का, हाऊ गळ शे, गोफण नही!" म्हटलं, लांबी तर बघा भाऊ. ते म्हणाले, लांबीच नको आहे. म्हणजे चांगलं जमलं तरी बोलणी.

७ ऑक्टोबर
चाळीस वेळा फेकला. घमेल्यात दोनदा पडला. त्यातला एक घरंगळत गेला, पण गेला.

हेमलतानं आतून हाक मारली, बाळाला न्हाऊ घालायचंय. म्हटलं, आले, पाच राहिलेत. पाच होईस्तोवर सुलक्षणा न्हाऊ घालून, शेक देऊन, निजवून गेलीसुद्धा. साडीला भोक पडूनही येते. गुणाची आहे. उद्यापासून मीच घालणार. ठरलं.

८ ऑक्टोबर, संध्याकाळ
सकाळीच तळ्यावर गेले. बन्सीलाल भाऊंच्या स्कुटीवर मागं बसून. आमच्या पिंप्राळ्यातल्या बायका बघत होत्या, बघू देत.

तळं कसलं, हिरवं शेत. एक बेडूक बाभळीत गेला. दुसरा बेशरमीत. तिसरा माझ्याच पदरात अडकला, तो सोडवण्यात अर्धा तास. सवयच अशी की फेकताना हात वर जातो आणि तोंडातून आपोआप "हुर्रर्र हो!" निघतं. बन्सीलाल म्हणाले, आक्का, इथं पाखरं नाहीत आणि आता मासेही नाहीत. हसावं की रडावं. बेडूकही त्यांचेच गेले.

न्हाणं राहिलं. डिंकाचे लाडूही राहिले. उद्या दोन्ही.

९ ऑक्टोबर
कोपर बरगडीला ओढणीनं बांधलं, म्हणजे वर जाणार नाही. युक्ती माझी. दहात सहा घमेल्यात! हेमलताला दाखवायला रॉड घेऊन आत गेले. ती म्हणाली, आई, हळू, आत्ताच झोपलाय. मग म्हणाली, जरा बस ना इथं. म्हटलं, तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं. कोपर आत्ता कुठं वळणावर आलंय, बसून कसं चालेल? तिला कळेल नंतर.

१० ऑक्टोबर
लागली! जलपर्णीतल्या मोकळ्या जागेत बेडूक अलगद पडला आणि पाणी फुटलं. बन्सीलाल म्हणाले होते, तिला गिळू द्या, मनात तीन म्हणा, मग ओढा. मी 'एक' म्हणतानाच ओढलं. बेडूक उडून कानाजवळून गेला. भाऊ डोक्याला हात लावून खाली बसले. पण लागली म्हणजे येणार. हाताला कळलंय आता.

लाडू सुलक्षणानं वळले. डिंक जरा कच्चा राहिला होता. मी असते तर फुलवला असता.

११ ऑक्टोबर
परत लागली. या वेळी तीन म्हटलं. ओढलं. जड! हातभर तरी असेल, पाठ काळी कुळकुळीत. आनंदानं ओरडले आणि रीळ फिरवायचं विसरले. ती जलपर्णीत घुसली, दोरा तुटला. भाऊ म्हणाले, आक्का, आता बाजारातून आणू, कोणाला सांगत नाही. मी म्हटलं, उद्या पहाटे एकदाच. बारसं दुपारी आहे.

१२ ऑक्टोबर, रात्री
मिळाली नाही. परतायला साडेदहा झाले. लताबाई सकाळच्या एसटीनंच आल्या होत्या. चिखलानं भरलेली मी दारात, हातात रॉड. मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत. मरळीचं विचारलंही नाही.

बारसं छान झालं. नाव लीलाधर. जेवणं झाल्यावर लताबाईंनी सगळ्यांसमोर हेमलताला विचारलं, इथं राहतेस का सव्वा महिना? मी म्हणणारच होते, राहील. हेमलता म्हणाली, "आईला तळ्यावर जायचं असतं. धुळ्यालाच बरं पडेल." रागानं म्हणाली असती तर भांडले असते. साधंच म्हणाली.

गाडी आली. सुलक्षणा पिशव्या ठेवायला आली. लताबाईंनी बाळ मांडीवर घेतलं आणि मला विचारलं, विहीणबाई, हा कोणत्या कुशीवर लवकर झोपतो?

मी हेमलताकडं बघितलं. हेमलतानं सुलक्षणाकडं बघितलं.