आत्याबाईंचं मीठ

३ सप्टेंबर १९९६, मंगळवार

डाळ पुन्हा शिजली नाही. आठ शिट्ट्या! कुकर उघडला तर वर पाणी आणि खाली तूर जशीच्या तशी. रवीनं घोटून घोटून हात भरून आला. आत्याबाईंनी ताटातला एक दाणा बोटांनी दाबून बघितला आणि काही न बोलता ताटाच्या कडेला ठेवला. बोलल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. सासूनं टोमणा मारला तर उत्तर देता येतं, दाण्याला काय उत्तर देणार?

सगळा गुण बोअरच्या पाण्याचा. जळोचीला प्लॉट घेताना जो तो सांगत होता, इथं शंभर फुटांवर पाणी लागतं. लागलं की! कसलं लागतं ते मात्र कुणी सांगितलं नाही. साबणाला फेस नाही, नळाच्या तोंडाला पांढरी खपली, धुतलेले केस सुंभासारखे. शाळेत दुष्फेन पाणी, सुफेन पाणी पाठ करून मार्क मिळवले होते. आता दुष्फेनच्या घरातच नांदते आहे. प्यायला तेवढे दोन कॅन सोमनाथ कारखान्यातून येताना आणतो. (घरात 'अहो' म्हणते. इथं नाव लिहिलं तर वाचायला कोण येतंय!)

जेवण झाल्यावर आत्याबाई त्याला म्हणाल्या, "दिवाळीपातूर बघती, मग लोणीला जाती. तितल्या हिरीचं पाणी पोटात गेल्याबिगर मला न्हाय करमत."

५ सप्टेंबर

ऑर्डर आली!! इंदापूरच्या तहसील कचेरीत लिपिक. सोमवार, ४ नोव्हेंबरला हजर व्हायचं, नाहीतर नेमणूक रद्द. तीन वेळा वाचली. टायपिंगच्या क्लासला घातलेले उन्हाळे कामी आले.

मग यशूकडे बघितलं. अकरा महिन्यांची आहे. मला आई नाही. सोमनाथच्या पाळ्या कधी दिवसाच्या, कधी रात्रीच्या. सकाळी साडेसातची एसटी धरली तर घरी यायला संध्याकाळचे साडेसात. म्हणजे आत्याबाई राहिल्या तर नोकरी, लोणी भापकरला गेल्या तर हा नुसता कागद. त्यांना ऑर्डर दाखवली. "चांगलं झालं," म्हणाल्या आणि यशूला भरवायला लागल्या. राहणार का, हे मी विचारलं नाही. 'नाही' ऐकायला मन तयार नव्हतं.

९ सप्टेंबर

सोमनाथला एकदम सुचलं. तो कारखान्यात बॉयलरच्या पाण्यावर असतो. तिथं जड पाणी मऊ करूनच बॉयलरला देतात, नाहीतर आत खपल्या धरतात. म्हणतो, "बॉयलरला जे पाणी चालत न्हाय त्यात आपण आईची डाळ शिजवतोय." पुण्याच्या एका वर्कशॉपमध्ये घरगुती मशीन करून देतात म्हणे. आई पाण्यासाठीच जाते ना? मग पाणीच बदलू!

लग्नाला चार वर्षं झाली. नवरा हुशार आहे हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

१५ सप्टेंबर, रविवार

मशीन आलं. कमरेएवढी निळी टाकी, तिला पाणी फिरवायच्या तीन चाव्या, शेजारी मिठाच्या पाण्याचा टब. टाकीत मधाच्या रंगाचे मणी आहेत, मोहरीहून बारीक. पाण्यातला जडपणा हे मणी धरून ठेवतात. पाच-सहा दिवसांत त्यांचं पोट भरतं. मग मिठाच्या पाण्यानं धुतले की जडपणा सोडतात आणि पुन्हा कामाला लागतात. सोमनाथनं परीक्षेसाठी औषधाची बाटली आणली आहे. दोन थेंब टाकले की जड पाणी लाल होतं, मऊ पाणी निळं. बोअरचं पाणी टाकलं, लाल. टाकीतलं टाकलं, निळं! आम्ही दोघं लहान मुलांसारखे दहा ग्लास रंगवत बसलो. आत्याबाई लांबून बघत होत्या. आज यशूला इतका फेस करून आंघोळ घातली की ती फेसच खायला निघाली.

१६ सप्टेंबर

चार शिट्ट्या. वरण एकजीव. आत्याबाईंनी दोनदा भात घेतला.

२१ सप्टेंबर

मणी धुवायचा पहिला दिवस. सोमनाथनं शिकवलं. आधी दहा मिनिटं खालून वर उलटं पाणी सोडून गाळ काढायचा. मग चार किलो जाडं मीठ विरघळवून ते पाणी वीस मिनिटं सावकाश टाकीतून जाऊ द्यायचं. शेवटी साधं पाणी, जिभेला खारट लागेनासं होईपर्यंत. वापरलेलं मीठपाणी गटारात.

आत्याबाई इतका वेळ बघत होत्या. मीठपाणी गटारात जाताना बघितलं आणि ताडकन उठल्या. चार किलो मीठ असं फेकायचं? मीठ सांडलं तर मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं! मी म्हणाले, आत्याबाई, आपण हे सगळं सोडलं ना? तर म्हणाल्या, "देव सोडलं आमी छप्पन साली. मीठ कुटं सोडलं? मीठ काय कुणा भटाचं हाय?" मला हसू आलं, सोमनाथ तर हसत हसत बाहेरच पळाला.

पण थोड्या वेळानं स्वतःच म्हणाल्या, पुढच्या खेपेपासून मी करीन, तुझ्यामागं पोर आहे. मला काय आनंद झाला! मशीनमध्ये मन रमलं म्हणजे आता राहतील. पाव किलो पेढे आणायचा विचार मनात आला, पण आधीच उड्या नकोत.

२७ सप्टेंबर

आत्याबाईंनी एकटीनं मणी धुतले. मला फिरकूही दिलं नाही.

२९ सप्टेंबर

डाळ कच्ची. सात शिट्ट्या देऊनही. डाळच जुनी असेल.

३ ऑक्टोबर

डाळ जुनी नव्हती. थेंब टाकले तर पाणी लालभडक. आज पुन्हा मणी धुवायचा दिवस होता. आत्याबाईंनी धुतले, संध्याकाळी बघितलं तर तरीही लाल. सोमनाथला भलतंसलतं बोलले. पुण्याच्या लोकांनी फसवलं म्हणाले, तुमची हुशारी कारखान्यातच चालते म्हणाले. तो बिचारा टाकीला कान लावून बसला होता. टाकी काय बोलणार?

आत्याबाईंनी माळ्यावरची ट्रंक खाली काढून घेतली. लोणीच्या घराला चुना मारून ठेव असा पुतण्याला, संभाजीला, निरोपही धाडला. बत्तीस दिवस राहिले.

८ ऑक्टोबर

काही नाही. ट्रंक तिथंच. पाणी लालच.

१० ऑक्टोबर

सापडलं! काय लिहू, कसं लिहू.

वाण्याकडून मिठाचं नवं पोतं कधी आणावं लागेल ते बघायला जुनं उचलायला गेले, तर ते उचलेना. पंचवीस किलोतलं मीठ तीन धुण्यांत बारा किलो तरी जायला हवं. पोतं तर नुसतं एका बाजूला दबलेलं! मग न्हाणीमागं गेले. तिथं पोत्यानं झाकलेलं पत्र्याचं छोटं पिंप, काठोकाठ भरलेलं. बोट बुडवून चाखलं. खारट.

आत्याबाईंनी गटाराचा पाइप पिंपात सोडला होता. एकदाच नवं मीठ घालायचं, तेही चार किलोच्या जागी जेमतेम किलोभर, मण्यांतून आलेलं पाणी साठवायचं आणि पुढच्या खेपेला तेच वापरायचं. खारट आहे म्हणजे मीठ आहे, मग टाकायचं कशाला? पण त्या पाण्यात मण्यांनी सोडलेला सगळा जडपणा होता. तोच पुन्हा मण्यांच्या गळ्यात! खरकटी भांडी धुतलेल्या पाण्यानंच पुन्हा भांडी धुवायची, तसला प्रकार.

मी तणतणत गेले. महिनाभर कशामुळे जीव टांगणीला लागला होता, सगळं बोलून टाकलं. त्या यशूचे केस विंचरत होत्या. हात थांबला नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "आमच्या आईला दुकानाच्या पायरीखाली उभं राहून पदरात मीठ घ्यावं लागायचं. दुकानदार वरनं टाकायचा. चार खडं मातीत पडलं, तर ती बसून वेचायची. मी तिच्या मागं उभी असायची. मला न्हाय टाकवत गं मीठ."

मला इतकी लाज वाटली की तिथंच त्यांच्याशेजारी बसले. पापण्यांची गोष्ट ऐकून मी हसले होते. कुणाच्या हसण्यामागं काय असतं आणि कुणाच्या हट्टामागं काय, हे घरातल्या घरातही कळत नाही.

११ ऑक्टोबर

त्यांना भांड्यांच्या पाण्याचा दाखला दिला. लगेच पटला. फक्त एक विचारलं, मग ते खारं पाणी वाया जाऊ न देता कुठं घालायचं? झाडांना चालत नाही. सोमनाथ म्हणाला, कुंपणाकडंच्या गाजरगवतावर घाल. जाळून टाकतं.

पिंप दोन माणसांनी उचललं. आत्याबाई पुढं, मी मागं.

१३ ऑक्टोबर, रविवार

ताजं मीठ घालून मणी धुतले, तेही लागोपाठ दोनदा. निळं!! आकाशासारखं नाही, निळीसारखं निळं. सोमनाथची माफी मागितली. त्यानं ती चहासह स्वीकारली.

आत्याबाईंना घड्याळ वाचता येत नाही. त्यांनी स्वतःचं माप काढलं आहे. मणी धुवायचे ते भाकरी करायच्या वेळेला. उलटं पाणी तीन भाकरी. मीठपाणी सात भाकरी. मग तव्याखालचा गॅस बंद करून साधं पाणी, चाखत चाखत. चाव्यांना लाल, पांढरी, हिरवी अशी चिंध्यांची निशाणी बांधली आहे. मी गुपचूप घड्याळ लावून बघितलं. वीस मिनिटांच्या जागी एकवीस.

१७ ऑक्टोबर

गाजरगवत पिवळं पडून आडवं झालं! आत्याबाई कुंपणापाशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मीठ कामाला आलं म्हणाल्या.

२२ ऑक्टोबर

शेजारच्या गोजरबाई डाळीपुरतं पाणी मागायला आल्या. आत्याबाईंनी कळशी भरून दिली आणि वर मण्यांचं पोट कसं भरतं ते समजावून सांगितलं. सोमनाथ म्हणतो, कारखान्यात माणूस कमी आहे, आईला लावून देऊ का?

सगळं छान चाललंय. फक्त ट्रंक अजून खालीच आहे.

२८ ऑक्टोबर

सोमनाथनं विचारलं. पाणी आता लोणीपेक्षा गोड झालंय ना, मग राहशील? "बघू," म्हणाल्या. बघू! आठवडा राहिलाय आणि बघू! आता कसलं बघायचं? यशूवर जीव टाकतात. माझ्याशी वाकडं नाही. मला राग येतो आणि रागावायला काही सापडत नाही म्हणून जास्तच येतो. न्हाणीत जाऊन रडले. तोंड धुताना साबणाला एवढा फेस आला की रडणं अर्धवट राहिलं.

१ नोव्हेंबर

मुदत वाढवून मिळावी म्हणून तहसीलदार साहेबांना अर्ज लिहिला. कारण काय लिहावं ते सुचेना. शेवटी 'घरगुती अडचण' लिहिलं. सही अजून केलेली नाही. सोमनाथ म्हणाला, उद्याचा दिवस थांब. थांबते. का कुणास ठाऊक, मन अजून 'नाही' म्हणत नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

आत्याबाईंनी अर्ज मागितला. वाचता येत नाही, तरी बराच वेळ हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "पाण्याचं निमित्त हुतं. उन्हाळ्यात तू क्लासला गेलीस की माझ्याकडनं दोनदा गॅस तसाच ऱ्हायला. पोर तितंच रांगत हुती. कुणाला सांगितलं न्हाय. माझंच मला भ्या वाटाय लागलं. म्हणलं, आपण लांब गेल्यालं बरं. आता त्या टाकीचं येळच्या येळंला करती. चावी चुकत न्हाय, गॅस चुकत न्हाय. तरी बी गोजरबाईला सांगून ठिवलंय, दुपारी एक चक्कर मार म्हणून. जा तू सोमवारी."