टपालातून कराटे

३ जानेवारी

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचं पत्र आलं. कराटेच्या वर्गाला कुलूप लावून तू चार महिने घरात बसला आहेस, दाढीसुद्धा करत नाहीस, असं ती लिहिते. वहिनीला रडायला निमित्तच लागतं, पण दाढीचं वाचून मीही हबकले. प्रात्यक्षिकात तुझ्यासमोर उभ्या राहिलेल्या त्या बेकरीवाल्याच्या जबड्यावर तुझा ठोसा बसला, वाईट झालं. माझ्या हातूनही गिऱ्हाइकांची कापडं वाकडी कापली गेली आहेत. म्हणून मी कात्री फेकून दिली नाही.

आता कामाचं. मला कराटे शिकायचंय. वय एकसष्ट, गुडघे कुरकुरतात, पण शिवणाचं दुकान बंद केल्यावर तासभर मोकळा असतो. तू येणार नाहीस, तर चित्रं काढून टपालाने शिकव. दात काढू नकोस, पाठव.

तुझी हट्टी आत्या

१२ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दात काढलेच, चार महिन्यांत पहिल्यांदा. सोबत पहिल्या काताची, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींची, वीस चित्रं आहेत. पहिली हालचाल मारायची नाही, अडवायची आहे. घाई केलीस तर माझ्याशी गाठ आहे.

एक गोष्ट आईला कळवू नकोस. तो अपघात नव्हता. त्याने सगळ्यांसमोर माझा ठोसा दोनदा चुकवला आणि लोक हसले. तिसरा त्याच्या तोंडापुढे थांबवायचा होता. थांबवता येत होता, मी थांबवला नाही. कराटे म्हणजे आधी स्वतःचा हात आवरणं, असं वीस वर्षं सांगत आलो. आता कुठल्या तोंडाने शिकवू?

तुझा नालायक भाचा

२ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून राग आला, खोटं कशाला बोलू? म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. बेकरीवाल्याला हे सांगितलंस का? नसेल तर आधी ते कर. स्वतःला नालायक म्हणवून घेणं सोपं असतं, त्यात कुणाच्या दारात जावं लागत नाही.

मी मात्र रोज सराव केला. कपडे घालून बघायच्या मोठ्या आरशाशेजारी तुझी चित्रं लावली. आरशातली मी चित्राशी जुळले की पुढची हालचाल. वीसच्या वीस पाठ झाल्या! सुरुवातीला उजवीकडे वळते आणि उजव्या हाताने अशी अडवते की शिलाई मशीनसुद्धा घाबरावं.

माया आहे म्हणूनच बोलते.
आत्या

९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

त्याच्याकडे गेलो. तो पाव भट्टीतून काढत होता, थांबला नाही. सगळं ऐकून म्हणाला, मला त्याच दिवशी कळलं होतं, तू कधी येतोस तेवढंच बघत होतो. माफ केलं असं म्हणाला नाही. मीही माफी मागितली नाही.

आणि आत्याबाई, सुरुवात डावीकडे असते! चित्रातला माणूस तुझ्याकडे तोंड करून उभा आहे, त्याचं डावं तुझ्या उजवीकडे येतं, आणि तू जुळवलीस आरशाशी. अख्खा काता उलटा पाठ केलास. हे पत्रातून सुधारणं माझ्या बापाला जमणार नाही. रविवारी येतो. फक्त काता सुधारीन, कुणावर मूठ उगारणार नाही.

तुझा भाचा

१७ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

पोचलास का? मांड्या अशा भरून आल्यात की मशीनचं पायडल मारताना आई आठवते.

तुला समोर उभं करून ठोसा मार म्हटलं, त्यावर तासभर गाल फुगवून बसलास. पण मी तुझ्या हट्टी आजोबांची लेक आहे. शेवटी मारलासच. माझ्या नाकापासून चार बोटांवर मूठ थांबली. चाळीस वर्षं मापं घेते, माझा अंदाज चुकत नाही. भीती वाटली, पण मी डोळे उघडे ठेवले होते.

तुझे मिटले होते. तुला आपल्या हाताची माझ्यापेक्षा जास्त भीती वाटते. पुढच्या रविवारी पुन्हा ये. मी तिथेच उभी राहीन, आणि तू माझ्याकडे बघून थांबशील.

वाट बघणारी तुझी आत्या