आसारामची बरणी

मी केशर हरिबा घोळवे, वय एकाहत्तर, निवृत्त बीजतपासणी अधिकारी, राहणार बीड, हे मृत्युपत्र लिहीत आहे, कारण गेल्या आठवड्यात मी आसाराम सानपच्या ज्वारीचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवले आणि चारच उगवले. डोके शाबूत आहे. कोणाचा दबाव नाही. असता तर जुमानला नसता.

१. राहते घर पुतण्या प्रवीण यास. अंगणातला लिंब तोडू नये.

२. मूठ मंडळ. बाहत्तरच्या दुष्काळात घरोघरचे बियाणे जात्यात गेले. म्हणून चौऱ्याहत्तर साली कृषी महाविद्यालयाच्या वसतिगृहात नऊ मुलांनी हे मंडळ काढले. प्रत्येकाने घरच्या वाणाची बरणी ठेवायची, दरसाल पेरून नवे बी भरायचे. सभासद वारला आणि मागे कोणी पेरत नसेल, तर बरण्या सांभाळणाऱ्याने पेरायचे. तीन वर्षे जो चुकेल त्याचे नाव वहीतून काढायचे. मी त्यांच्याच वर्गात. हा नियम मी सुचवला, पण माझे नाव वहीत नव्हते. "बाईमाणसाची मूठ लहान," असे अध्यक्ष मोहनराव म्हणाले. आसाराम वडवणीचा. तो म्हणाला, "नाव न्हाई तर न्हाई. बरण्या केशरकडंच द्या. तुमच्यापाशी नुसते उंदीर पोसतील." तेव्हापासून त्या माझ्याकडे आहेत.

३. मोहनराव मोठ्या हुद्द्यावर गेले. सत्कारात मंडळाचे नाव घेत, बी मात्र १९९१ नंतर पाठवले नाही. त्यांची रिकामी बरणी त्यांना द्यावी. "तुम्ही बियाणे मारलेत," असे पत्र मी त्यांना लिहिले होते. ते मागे घेते.

४. आसाराम २०१९च्या फेब्रुवारीत एसटीने आला, बरणी मांडीवर घेऊन. म्हणाला, "औंदा मी असन नसन. तू पेर. ठेवून मारू नको." मार्चमध्ये गेला. पेरणीच्या वेळी मी झाकण काढले. कीड लागू नये म्हणून त्याने दाण्यांवर राख दाबून बसवली होती, तिच्यावर त्याची चार बोटे उमटलेली. मी झाकण लावले. सहा वर्षे दर ऑक्टोबरला उघडले आणि लावले. हात यंदा घातला. त्याच्या शेतात आता ऊस आहे. हा वाण दुसरीकडे कुठे नाही.

५. बरणीतले मेलेले बी माझ्या चितेवर टाकावे. वहीत माझे नाव कोणी लिहू नये. नियम माझाच आहे.

६. बाकी सात बरण्या तरन्नुमला. परळीचा आमचा दिलावर, जन्मभर पेरणीयंत्रे दुरुस्त करणारा, तिचा आजोबा. तो गेल्यावरही त्याच्या तुरीचे बी एकही साल चुकले नाही. ती पाठवते.

साक्षीदार: अभिमन्यू दहिफळे, अस्मा बागवान. दोघांसमक्ष सही केली.
केशर हरिबा घोळवे
बीड, १४ ऑक्टोबर २०२५

तरन्नुमला आजच सोपवले: बरण्या सात. वही एक. भिंग एक. आसारामच्या ज्वारीच्या कुंड्या चार. रोपे तीन, एक सकाळी कोलमडले.

मोजून घेतले. एक कणीस जरी भरले तरी वहीत आज्जींचे नाव लिहीन. त्यांना हे मान्य नाही. — तरन्नुम