मागच्या खोलीतल्या लोखंडी सवती

मी, कवळ्या बनवणारा निवृत्त कारागीर, राहणार याच घरात, पुढील मजकूर राजीखुशीने सांगत आहे. वकीलबाई तो उतरवून घेत आहेत आणि शेवटी मला मोठ्याने वाचून दाखवणार आहेत, कारण माझी बुद्धी शाबूत असली तरी नजर गेली आहे. समोर पाहिलं की मधोमध करडा डाग, कडेकडेने थोडंफार दिसतं. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. चहाखेरीज कसलीही नशा केलेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हे पहिलं आणि, प्रकृती बघता, शेवटचंच.

१. हे घर माझ्या स्वकष्टाचं आहे. पुढच्या दोन्ही खोल्या, स्वयंपाकघर आणि बँकेत जी काही शिल्लक असेल ती माझ्या मुलाला मिळावी. तो नोकरीसाठी दुसऱ्या गावी असतो. तापट आहे, म्हणजे माझ्यावर गेला आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी.

२. धाकट्या बहिणीला आईचं शिवणयंत्र आणि आरशाचं कपाट. अलीकडे तिने मला पुष्कळ ऐकवलं. का, ते पुढे येईल. तिच्यावर मी दात धरलेला नाही. आपलेच दात नि आपलेच ओठ, करता काय?

३. माझी हत्यारं, साचे आणि निरनिराळ्या रंगछटांच्या दातांचा डबा दवाखान्यात माझ्या जागी आलेल्या कारागीर मुलीला. तिची कवळी बोलताना वाजत नाही. याहून मोठी शाबासकी आमच्या धंद्यात नाही.

४. आता खरी मालमत्ता. मागच्या खोलीत पत्र्याच्या पेट्यांमध्ये जुने फोटो आहेत, सगळे सोव्हिएत बनावटीच्या रणगाड्यांचे आणि चिलखती गाड्यांचे. मी उभ्या जन्मात खऱ्या रणगाड्याला हात लावलेला नाही. झालं असं, की एका म्हाताऱ्या छायाचित्रकाराला मी कवळी करून दिली. ती अशी चपखल बसली की त्याने तिथल्या तिथे सफरचंद चावून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी पहिली पेटी माझ्या टेबलावर आणून आदळली. "देशोदेशी फिरून काढले हे, पण कुठली गाडी कुठली ते मला कधी कळलं नाही. तुम्ही दात ओळखता ना, मग चाकंही ओळखाल!" तो गमतीने बोलला, मला मात्र नाद लागला. त्या भल्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

पुढे लोक आपणहून फोटो पाठवू लागले. कोणाचे वडील गाडीला टेकून उभे, पाठीमागे ना तारीख ना गाव. गाडी ओळखली की फोटो निदान कुठल्या सालानंतरचा ते सांगता येतं. एका बाईंचं उत्तर आलं, "म्हणजे लढाई संपल्यावर बाबा हसत होते तर." त्या एका ओळीने मी भरून पावलो.

माझी पत्नी, जी आता नाही, या फोटोंना माझ्या लोखंडी सवती म्हणायची. पाहुण्यांना खुशाल सांगायची, "बसा हं, हे गेलेत सवतींकडे." पण पेट्यांना ओल लागू नये म्हणून कोरडं फडकं तीच फिरवायची. तिचे आभार मानायचे राहून गेले होते, ते या सरकारी कागदावर मानतो.

५. कर्नल हा याच छंदातला माझा मित्र आणि वैरी. माणूस आयुष्यभर पोस्टात होता. कर्नल हे नुसतं टोपणनाव, तोऱ्यावरून पडलेलं. टी-पंचावन्न रणगाड्याच्या पहिल्या आणि दुसऱ्या चाकांत मोठी फट असते, आणि टी-बासष्टची चाकं मागच्या बाजूला फाकलेली असतात. एका फोटोत मला फट मागे दिसली. मी छातीठोकपणे बासष्ट म्हणून मोकळा झालो. कर्नलचं पत्र आलं : "अहो, तोफ मागे वळवलेली आहे! दातेरी चाक बघा. ते या गाड्यांना मागे असतं, आणि इथे ते तोफेच्या बाजूला आहे, म्हणजे फट पुढेच. आधी डोळे तपासून घ्या." जन्म गेला दातांत, आणि चाकाचे दात दिसले नाहीत! मी रागारागाने डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो ते केवळ त्याचं तोंड बंद करायला. आजार तिथे कळला, म्हणून कडेची नजर तरी वाचली. त्याला माझं भिंग द्यायचं होतं, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणून आत्ताच, त्याच्या हातात ठेवलं. काहीतरी पुटपुटला. धन्यवादच असावेत.

६. डोळे गेल्यावर मी पेट्या रद्दीवाल्याला द्यायला काढल्या होत्या. तेव्हा माझी सून पाटावर बसली आणि म्हणाली, "बाबा, मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण मोजता येतं." तिने एक फोटो उचलला. "पाच चाकं. पहिलं फटकून आहे, बाकीची चार एकमेकांना चिकटून."

"तोफेचं तोंड कुठे?"

"समोर. थांबा, कर्नलकाकांच्या पत्रातलं ते दातेरी चाक मागेच आहे, फसवत नाहीये."

"टपावर छत्रीसारखं झाकण आहे?"

"नाही."

"मग पंचावन्न! अगं, छत्री असती तर चोपन्न." मी लहान पोरासारख्या टाळ्या पिटल्या. त्या दिवसापासून मला पुन्हा दिसू लागलं, असंच मी मानतो.

नंतर मुलाचं आणि तिचं पटेनासं झालं. रीतसर कागद होऊन दोघं वेगळी झाली. चूक कोणाची ते मी विचारलं नाही. ती मात्र दर बुधवारी दुपारी येत राहिली. बहीण म्हणाली, "आता हिचं इथे काय काम? लोक नावं ठेवतील." मी तिला सांगितलं, की लढाईत पकडलेल्या गाडीवर नवा मालक आपलं चिन्ह रंगवतो, म्हणून गाडी बदलत नाही. चाकं तीच, फट तीच. बहीण म्हणाली, "तुझं डोकंही गेलंय." डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, तो तिने वाचावा.

पण गेल्या बुधवारी पेटी मिटताना ती स्वतःच म्हणाली, "बाबा, तुम्ही आहात तोवर येईन. नंतर मी या घरात कुठल्या नात्याने येऊ?" फार वाईट वाटलं. तिच्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

७. तरी मागची खोली, तिचं गल्लीकडचं दार, दिवा, पाट, सर्व पेट्या आणि लोकांच्या पत्रांना उत्तर देण्याचा मान मी तिला देत आहे. तिला तिथून कोणी उठवू नये.

मुलाला हे आधी फोनवर सांगितलं. तो कडाडला, "करा काय करायचं ते! माझं कोण ऐकतं त्या घरात?" मी फोन ठेवला नाही. तोफेच्या तोंडावरून गाडीची दिशा ठरवायची नाही, हे एकदा शिकलो आहे. मग तोच म्हणाला, "गल्लीच्या दाराची कडी खालून उचलल्याशिवाय निघत नाही. तिला सांगा. नाहीतर बोट चेमटेल तिचं." पोरा, तुझे आभार कसे मानू? माझी सगळी काळजी तिथेच मिटली.

८. एकच अडचण उरली. मिळकत घेणाऱ्याचं नातं लिहावं लागतं. वकीलबाई विचारतात, "माजी सून लिहू?" नको. "मानसकन्या?" तेही नको, तिचे आईवडील आहेत, आणि तिला नाटकी बोलणं आवडत नाही. आमच्या छंदात नियम आहे : नाव पक्कं ठाऊक नसेल तर उगाच ठोकून देऊ नये, जे दिसतं तेवढंच लिहावं. तेव्हा लिहा.

नातं : दर बुधवारी येते.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. ओळीवर बोट डॉक्टरांनी टेकवून दिलं, सही माझी मी केली.

(सही) कवळीवाले

साक्षीदार :
(सही) डोळ्यांचे डॉक्टर
(सही) कर्नल, पोस्टातले निवृत्त. "बासष्ट नव्हताच," असं त्याला सहीखाली लिहायचं होतं; लिहू दिलं.

स्थळ : मागची खोली.
तारीख : शिक्क्यावर आहे ती. वार बुधवार. हे चालू असताना मिळकत घेणाऱ्याने समोर नसावं असं वकीलबाई म्हणतात, म्हणून ती मघापासून गल्लीच्या पायरीवर बसली आहे. आता कोणीतरी दार उघडा. कडी खालून उचला.