घरचं माप

प्रिय चिमणे,

काल फोनवर तू हसत म्हणालीस, रूट कॅनाल झालं, दुखणं गेलं, आता कॅप काय, सवडीने बसवू. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. जन्मभर दातांच्या कॅप घडवलेल्या माणसाच्या लेकीने असं बोलावं! अगं, नस काढली की दात दुखायचा थांबतो, एवढंच. आतून तो पोकळ झालेला असतो. आत पोस्टची बारीक खुंटी रोवून, भराव करून वर कॅप चढवली नाही, तर एक दिवस साधा शेंगदाणा चावताना उभा चिरतो. मग काढून टाकण्यावाचून इलाज नाही.

तुला बोललो नाही, पण मध्यंतरी माझीही एक दाढ अशीच पोखरली गेली, डावीकडची खालची. आपल्या डॉक्टरबाईंनी ती आतून भक्कम केली, घासून माप घेतलं. कॅप मीच करणार, असा मी हट्ट धरला. कितीतरी दिवसांनी मागच्या खोलीतलं टेबल पुसलं, दिवा लावला, मेण तापवलं. हात आता थरथरतो, तरी मेणात दाढेचे उंचवटे कोरताना दुपार कशी सरली कळलं नाही. चहा टाकू का म्हणून विचारायला घरात कोणी नाही, हेसुद्धा त्या दिवशी विसरलो होतो.

आणि धातूत ओतलेली कॅप दाढेवर बसेना! डॉक्टरबाईंनी इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. म्हातारा चळला असंच बिचाऱ्यांना वाटलं असणार. घरी येऊन, मापावरून ओतलेले दातांचे साचे ठेवतो ती फळी पाहिली. गिऱ्हाइकाच्या साच्यावर मी नाव, तारीख, डॉक्टर सगळं लिहितो आणि घरच्यांच्या साच्यावर नुसतं 'घरचं', हे तुला ठाऊकच आहे. तसे दोन साचे होते. एक माझा, दुसरा तुझ्या आईचा. दाढ तीच, बाजू तीच. तिनेही सवडीने, सवडीने करत एकदाचं माप दिलं होतं. मग अंथरूण धरलं आणि कॅप राहूनच गेली. मी तिच्या साच्यावर कॅप केली होती. ठेवून पाहिली तर अशी चपखल बसली, की इतकं सुबक काम माझ्या हातून उमेदीतही झालं नसेल. मग तिथेच बसून खूप रडलो. तुझ्यापासून काय लपवायचं.

माझी कॅप अजून केलेली नाही. उजव्या बाजूने जेवतो, तेही ओट्याशी उभ्यानेच, एकट्यासाठी कुठे पान वाढून घ्यायचं. तुझ्याकडे कॅप करणारे पैशाला पासरी मिळतील, आणि माझ्यापेक्षा स्थिर हातांचे. दाताचं समजावायला म्हणून लिहायला बसलो होतो, पण खरं सांगू? मला घरात कोणीतरी हवं आहे. चार दिवस ये. डॉक्टरबाई माप घेतील, मी दोघांच्याही कॅप करीन, तू शेजारी बसून माझं डोकं खा. आणि या खेपेला साच्यावर तुझं पूर्ण नाव लिहीन, म्हणजे काम कोणासाठी चाललंय ते माझ्या ध्यानात राहील.

तुझाच,
एका बाजूने जेवणारा बाबा