मागितलंस तर द्यावं लागेल

प्रिय सेकोवे,

तू बरा आहेस ना? लुसियानाचा दमा कसा आहे? थोरला शाळेत रमला का, धाकटीला दात आले का? सगळ्यांची खुशाली एकेकाच्या नावाने कळव, ‘सगळे ठीक’ असं गोळाबेरीज लिहू नकोस. इकडे तुझी आई जेवतेखाते, पण झोपायला टेकडीवरच्या चर्चमध्ये जाते. मी तिला नवं घर बांधून दिलं, तर म्हणते, “दादा, एवढं आवडलंय तर तूच झोप त्यात.” शेजारच्या वातिलिआईच्या जिभेला अजून हाड नाही, म्हणजे तो ठणठणीत आहे असं समज.

सरकारने समुद्रातले प्रवाळाचे दगड काढायचे परवाने थांबवल्यापासून पहारी त्याच्याच घराखाली गंजताहेत. मासेमारी खात्याच्या पोरीने आमच्याकडून सिमेंटचे गोळे समुद्रात ठेवून घेतलेत. त्यांच्यावर प्रवाळाचा जीव चढला की तेच विकायचे, खडकाला हात लावायचा नाही. शिळ्या भाकरीवर बुरशी यावी तसा जरासा गुलाबी थर आलाय. जीव धरायला वेळ लागतो, बाबा.

तुला आठवतं? एवढासा होतास तेव्हा माझं डुक्कर दोरी बांधून घेऊन गेलास. गावाच्या लेकीचा लेक, तू हात घातलेल्या वस्तूला नाही म्हणायचं नाही, ही आपली रीत. तुझी मामी हसून म्हणाली होती, “डुकरावर भागलं, मला नाही उचलून नेलं, नशीब!” पुढे तू कंपनीचा ट्रक घेऊन आलास, तेव्हाही कोणी नाही म्हटलं नाही. हे जिवंत दगड परदेशात काचेच्या पेटीत, खाऱ्या पाण्यात ठेवतात आणि लोक खुर्चीत बसून बघतात, असं तू सांगितलंस. वातिलिआई ओरडला, “मग आम्हालाच पेटीत बसव की रे, आम्हीही अजून जिवंत आहोत!” सगळे हसलो आणि कामाला लागलो. लाट फुटते त्या बाहेरच्या कडेचे दगड पहारीने उचकटायचे, बांबूच्या तराफ्यावर लादायचे. कड खचत खचत इतकी बसली की भरतीला होडी वरून जायला लागली. पोरं त्या जागेला ‘सेकोवेचं दार’ म्हणतात. तुला कोणी सांगितलं नसेल.

वादळाच्या दिवशी आम्ही सगळे टेकडीवर पोचलो होतो. तुझी मामी चटया आणायला परत फिरली. तिच्या मातीच्या वेळी तू माझ्या गळ्यात पडून रडलास आणि विचारलंस, “मामा, लाट एवढी आत आली कशी? पूर्वी कधी नाही आली!” सगळे यंगोना प्यायच्या कटोऱ्यात बघत बसले, मीसुद्धा. त्याचं उत्तर आज देतो. त्या दारातून आली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण ते तुझ्यावर ढकलायला माझी जीभ उचलत नाही, कारण पहारी आमच्याच हातात होत्या.

आता बसवाल्याबरोबर तुझा निरोप आलाय. गावाने संमती दिली तर परवाना पुन्हा मिळेल म्हणे, आणि तू ईस्टरआधी देवमाशाचा दात घेऊन येतोयस. उरलेली कड शाळेसमोरची आहे, हे तुलाही ठाऊक आहे. तू दात पुढे ठेवलास तर मी तो घेईन, सेकोवे. घेतला की तुझं मागणं मान्य झालं, आणि मी हो म्हटलं की गाव हो म्हणेल. बहिणीच्या लेकाला नाही म्हणायला माझ्या बापाने मला शिकवलं नाही, या वयात ते जमायचंही नाही. म्हणून हे पत्र. नाही म्हणू शकणारा माणूस आपल्यात एकच आहे, आणि तो तू आहेस. मागू नकोस, बाळा. आईला भेटायला ये, रिकाम्या हाताने ये. तसा येतोस एवढं दोन ओळींत लवकर कळव. तोवर रस्त्यावर बसचा आवाज आला की मी आधी उतरणाऱ्यांचे हात बघतो.

तुझाच,
इलायटिया मामा